खंडेनवमीचा कॅमेरा

माझ्याकडचा एकही कॅमेरा धड नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. एकाचं शटर थंडीत अडकतं. त्याला मी काखेत धरून बसते, ऊब मिळाली की तो मुकाट्यानं कामाला लागतो. एकाच्या मागच्या दाराची कडी ढिली, म्हणून त्याला केसांचं रबर लावलेलं. एक रशियन धूड आहे, त्याचं बटण दाबलं की असा खटका होतो की समोरचा माणूस दचकतोच, त्यामुळं दुसऱ्या फोटोत सगळ्यांचे डोळे मोठे. सगळे रोलवर चालणारे, सगळे दुसऱ्याच्या हातातून आलेले, काही तर चौथ्या-पाचव्या हाताचे. नवाकोरा कॅमेरा मी कधी घेतला नाही आणि घ्यावा असं वाटलंही नाही.

मी डोंगरकडा गावच्या पोस्टात काम करते. हे असं सोयीचं काम दुसरं नाही, कारण माझी पार्सलं माझ्याच टेबलावर येतात. खोक्यावर नाव माझं, शिक्का मारणारी मी, सही करून ताब्यात घेणारीही मीच. संध्याकाळी खोकं काखोटीला मारून घरी गेले की माय दारातच गाठायची.

"लोकाच्या पोरी पार्सलनं साड्या मागवतात. आमची भंगार मागवून राहिली."

"माय, लेन्स हाय ती. जपानची."

"जपानवाल्यांनी टाकून देली म्हून तुझ्याकडं आली ना? चांगली असती तर काहून टाकली असती?"

ती बोलायची ते एका अर्थी बराबरच होतं. माळ्यावर माझी खोकी रचलेली, आणि त्या जागेत हळदीची दोन पोती बसली असती हे ती मला येता-जाता ऐकवायची. पण तिचं एक होतं. तोंडानं कितीही बोलली तरी मी रविवारी ओसरीत पथारी टाकून कॅमेरे उघडून बसले की ती शेंगा फोडत शेजारी येऊन बसायची आणि माझे हात बघत राहायची.

सगळेच काही पार्सलनं आले नाहीत. मोबाईल आले आणि तालुक्याच्या गावांतले फोटो स्टुडिओ बसले. पाट्या तशाच राहिल्या, आत झेरॉक्स आली, रिचार्ज आलं, कुठं चपलांचं दुकान आलं. अशाच एका वसमतच्या स्टुडिओवाल्यानं मला एक लेन्स दिली. दुकान हळदीच्या अडतीजवळ. लेन्सचं कडं फिरवलं तर आतून करकर आवाज यायचा. मी घरी येऊन ब्रश फिरवला, तर खाली पिवळी पूड पडली. हळद! हंगामात त्या रस्त्यावर हवेतच हळद असते, माणसं शिंकत शिंकत फोटो काढून घ्यायला येत असतील. किती नवऱ्यामुली, किती बारशी त्या काचेनं बघितली असतील, देव जाणे. मी ती पूड पुसून टाकली, पण कड्याच्या खाचांत बसलेली काही निघाली नाही.

त्या लेन्सला आतून बुरशी लागलेली आहे. काच उजेडाला धरली की कोळ्याचं जाळं दिसतं. जाणती माणसं अशा लेन्सला हात लावत नाहीत. मला तीच आवडते. तिच्यातून बघितलं की उजेड सरळ येत नाही, जरा रेंगाळत येतो. पांढऱ्या शर्टाभोवती धूर उठल्यासारखा दिसतो, दुपारची बाभूळ पहाटेची वाटते. कधी कधी मी फोटो काढतच नाही, नुसती डोळ्याला लावून बसते. त्या इवल्या खिडकीत गाव फार लांब गेलेलं असतं, आवाज तेवढे जवळचे राहतात. कुणाचा तरी ट्रॅक्टर, कुणाची तरी हाक. मग माय विचारते, "झोप लागली का काय गं?" आणि खरं म्हणजे तसंच काहीसं झालेलं असतं.

दुसरा एक कॅमेरा आहे, उभा, दोन डोळ्यांचा, छातीशी धरून वरून खाली बघायचा. त्यात सगळं उलटं दिसतं, म्हणजे डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं. तो घेऊन मी वारंगा फाट्यावर एसटीची वाट बघत बसायची. खाली काचेत बघितलं की नांदेडकडं चाललेली गाडी हिंगोलीकडं सरकताना दिसायची. चहावाला डाव्या हातानं गाळायचा. फाट्याचा सगळा कालवा, ट्रकचे हॉर्न, कंडक्टरचं ओरडणं चालू असायचं, पण काचेतली माणसं मात्र पाण्याखालून चालल्यासारखी निवांत दिसायची. एकदा तर अशी हरवले की माझीच गाडी माझ्यासमोरून, काचेत उलट्या बाजूला, निघून गेली. चहावाला म्हणाला, "ताई, वो तुम्हारीच गाडी थी." आता बोला!

ह्या नादाची एक शिस्त असते, ती परिस्थितीनं लावलेली. कॅमेरा स्वस्तात मिळतो, रोल मिळत नाही. रोल महाग, धुवायला पाठवायचा तो मोठ्या शहरात, त्यामुळं मी एकेक फोटो मोजूनमापून काढते आणि रोल पुरा संपल्याशिवाय बाहेर काढत नाही. आकाडात भरलेला रोल कधी कधी संक्रांतीला संपतो. मग धुऊन आला की त्या एका पट्टीवर पेरणी आणि हुरडा शेजारी शेजारी उभे असतात, मध्ये काहीच घडलं नसल्यासारखे. मधले दिवस कुठं गेले, असं वाटून मी पट्टी खिडकीला धरून बघत बसते. माय म्हणते, "तुझं हे समदं उधारीवरचं बघणं. आज काढायचं अन् साल-छ महिन्यानं दिसायचं." पण मला तेच तर हवं असतं. जे लगेच दिसतं ते मी लगेच विसरते.

आता आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे वडील. आमच्या घरी पिढ्यांपासून मेंढरं. शेती आहे, पण ती पोटापुरती. आबांचा जीव मेंढरांत. सकाळी दहिवर उडालं की ते कळप घेऊन माळाकडं निघायचे आणि दिवस कलला की परत यायचे. वळणावर आले की जीभ टाळूला लावून एक आवाज काढायचे, चुचकारल्यासारखा, पण लांबवर जाणारा. कळप तो ऐकून मागं गोळा व्हायचा आणि घरात माय तो ऐकून हातातलं काम टाकायची. भाकर तव्यावर असली तरी तवा उतरवून ती अंगणाचं फाटक उघडायला धावायची. मी जन्मल्यापासून आमच्या घराला घड्याळ होतं ते एवढंच.

गावातल्या सगळ्या गोष्टींचे फोटो मी काढले, फक्त आबांच्या मेंढरांचे नाही. त्यांनी काढूच दिले नाहीत. मेंढरं कुणी मोजायची नाहीत आणि कुणी चित्रात धरायची नाहीत, धरली की कळप वाढायचा थांबतो, असं त्यांच्या वडलांनी त्यांना सांगितलेलं. मी कितीदा वाद घातला. "आबा, कसली दृष्ट अन् कसलं काय!" म्हटलं की ते हसायचे आणि काठीनं माझा कॅमेरा हळूच बाजूला सारायचे. "तुझा डबा तिकडं फिरीव. लई दुनिया पडली हाय." रागानं मी मग बाभळीचे फोटो काढायची.

पाडव्याला मात्र बघावं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात मेंढरांची पूजा असते. मेंढरं धुवायची, पाठीवर आपली खूण नव्यानं करायची, आमची खूण निळीचा आडवा पट्टा, आणि मग आबा मुठी भरभरून भंडारा उधळायचे. भंडारा म्हणजे देवाची हळद. इतका उधळायचे की थोडा वेळ काहीच दिसायचं नाही, नुसता पिवळा ढग, आणि आतून मेंढरांचं बें बें. मग ढग खाली बसायचा आणि एकेक पाठ दिसायला लागायची. लहानपणी मला वाटायचं, ह्या वेळेला ढग बसल्यावर खाली मेंढरं नसलीच तर?

आणि तसंच झालं म्हणा ना. आबांचे गुडघे गेले. माळही गेला. सगळीकडं हळद, ऊस, तारेची कुंपणं, पाय ठेवायला रान राहिलं नाही. मी दिवसभर पोस्टात. किती दिवस माय एकटी वळणार? शेवटी आबांनी स्वतःच ठरवलं. खाटकाला देणार नाही, कळपातून कळपात जातील, असं म्हणून त्यांनी तेलंगणाकडचा एक मेंढपाळ शोधला. तो पोळ्यानंतर न्यायला येणार होता.

ज्या दिवशी तो यायचा त्या सकाळी मी पोस्टात जायच्या तयारीत होते. आबा ओसरीच्या कडेला उभे राहिले. धुतलेलं धोतर, लाल पटका.

"तुझा डबा आण."

मला आधी कळलंच नाही. "कशाला?"

"आण म्हंलं ना. आता काय वाढायचं थांबणार हाय?"

मी साधा जपानी कॅमेरा घेतला, त्याला वसमतची लेन्स लावली. कॅमेऱ्यात काळा-पांढरा रोल होता, तो नुकताच भरलेला. आबांनी विचारलं, "रंगीत हाय ना?" मी नाही म्हटलं. "मंग कसं चालंल? निळीचा पट्टा दिसला पायजे. न्हाईतर आपली कोणती अन् लोकाची कोणती, काय कळणार?"

मग मला ठेवणीतला रंगीत रोल आठवला. दुसऱ्या कॅमेऱ्यात अर्धा वापरलेला होता तो. तोच कॅमेरा घेतला, लेन्स त्याला लावली आणि बाहेर आले.

ती सकाळ मला आजही धड आठवत नाही, आठवतं ते कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघितलेलं. भादव्याचं धुकं जमिनीला लागून होतं, मेंढरांचे पाय त्यात बुडलेले. बुरशीच्या लेन्सनं त्या धुक्यात आणखी आपलं धुकं घातलं. लोकर कुठं संपते आणि हवा कुठं सुरू होते हे दिसत नव्हतं. आबांना कसं उभं राहायचं ते सुचेना. आयुष्यात त्यांचा फोटो फक्त आधार कार्डावर. कधी काठी ह्या हातात, कधी त्या हातात. शेवटी ते वैतागले आणि म्हणाले, "तू काढ, मी माझं करतो." मग त्यांनी तो आवाज काढला. सगळी मेंढरं त्यांच्याकडं वळली आणि काळी त्यांच्या डाव्या हाताशी येऊन उभी राहिली.

काळी आमच्या घरातच वाढलेली. तिची आई बाळंतपणात गेली, तर मायनं तिला चमच्यानं दूध पाजून जगवलं. थंडीत पदराखाली घेऊन झोपायची. मोठी होऊन कळपात गेली तरी संध्याकाळी आधी स्वयंपाकघरात डोकावून यायची. आबांच्या डाव्या हाताची जागा तिची, दुसरी कुणी आली तर ढुशी द्यायची.

मी काढत गेले. आधी लांबून सगळा कळप, मग जवळून, मग आबा आणि काळी. त्या दिवशी मी मोजलं नाही. तेलंगणाचा माणूस आला, चहा प्याला आणि कळप घेऊन रस्त्याला लागला. काळी जरा वेळ अडली, मग तीही गेली. माय घरातून बाहेर आलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबा सकाळी उठून मेंढरांच्या रिकाम्या वाड्याशी, दगडावर जाऊन बसायला लागले. तिथं बघण्यासारखं काय होतं? लेंड्या आणि चार खुंट. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, परत जायचे. रडले नाहीत, तक्रार नाही. फक्त मधूनच मला विचारायचे, "आला का माझा कळप?"

"आबा, रोल संपायचा हाय अजून. थोडे उरलेत. काढून टाकू का उगाच?"

"न्हाई न्हाई, वाया काहून घालती? दसऱ्याला मायचे काढ नव्या लुगड्यावर. आपल्याला काय घाई हाय." असं म्हणून ते दगडाकडं निघून जायचे. घाई नाही म्हणायचे, आणि दोन दिवसांनी परत विचारायचे. त्यांचं सगळं आता त्या डब्यात होतं, हे मला कळत होतं आणि मायलाही कळत होतं.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. कुऱ्हाड, विळा, खुरपं, लोकर कातरायची कातर, मायचं शिवणयंत्र, ज्याच्यावर घर चालतं ते सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं. मायचा याबाबतीत नेम कडक. वस्तू आतून-बाहेरून स्वच्छ झाल्याशिवाय तिला हळद-कुंकू लावायचं नाही. शिवणयंत्र ती पार खिळा न् खिळा सुटा करून पुसते.

मी पोस्टातून आले. ओसरीत पाट मांडलेला. कुऱ्हाड होती, विळा होता, आबांची काठी होती, आणि त्यांच्या शेजारी ओळीनं माझे सगळे कॅमेरे. रशियन धूड, दोन डोळ्यांचा, रबरवाला, सगळे. प्रत्येकाच्या कपाळावर हळद-कुंकवाचं बोट, प्रत्येकापुढं झेंडूचं फूल. इतकी वर्षं भंगार भंगार म्हणणारी माझी माय, तिनं माझ्या डबड्यांना कुऱ्हाडीच्या मांडीला मांडी लावून बसवलं होतं.

"माय गं," मी म्हटलं, "कधी केलंस हे?"

ती पदरानं हात पुसत आली, चेहरा असा फुललेला. "तुझं बी हत्यारच हाय की ते. अन् नुसतं वरून न्हाई केलं. समदे उघडून आतून पुसले. तू ती चकती वर वढती ना, तसंच."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"समदे? सगळेच्या सगळे उघडलेस?"

"व्हय. एकात ती पट्टी व्हती बघ तपकिरी. तिला न्हाई हात लावला म्या. राहू देली. आतल्या बाजूनं एक बोट लावलं अन् बंद केलं."

काय सांगू तुम्हाला! तळपायाची आग मस्तकात गेली. रोल म्हणजे काय, अंधारात जपलेली पट्टी. फोटो काढताना तिला उजेडाचा एक घास द्यायचा, पापणी लवेपर्यंत, बास. दार उघडलं की सगळा उजेड एकदम आत शिरतो आणि होतं नव्हतं ते जाळून टाकतो. मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. ओरडले एवढं खरं. "तुला कुणी सांगितलं व्हतं हात लावायला? आबांची मेंढरं व्हती त्यात! आख्खा कळप मारलास तू!"

माय तिथंच बसली, पाटाच्या कडेला. "तू रोज उघडती ना गं," ती हळूच म्हणाली. "रोज तर उघडती माझ्यासमोर. एखादा उघडायचा नसतो, हे मला काय ठाव?"

आबा दगडावरून उठून आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी मायकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पाटावरच्या आपल्या काठीला हात जोडले आणि आत जाऊन आडवे झाले.

थोड्या वेळानं मायनं विचारलं, "काळी बी गेली का त्यात?"

मी मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही. माय त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी डोकं जरा ताळ्यावर आलं. काढलेले फोटो कॅमेऱ्यात एका दांडीवर गुंडाळले जातात, शेवटचे वर, आधीचे आत. वरचे वळसे जळतात, पण ओसरी अंधारी असली, दार थोडाच वेळ उघडं राहिलं असलं, तर आतल्या वळशांना वरच्यांची सावली मिळते. मेंढरांचे फोटो वरच्याच वळशांत होते, त्यातले पहिले तेवढे जरा आत. आशा धरावी की धरू नये? मी रोल गुंडाळून काढला. दाराच्या आतल्या कडेला मायच्या बोटाची हळद होती, ती पुसायला मन झालं नाही. खोक्यात रोल भरला, दसऱ्याची सुट्टी संपल्यावर माझ्याच हातानं शिक्का मारला आणि थैलीत टाकला.

मग वाट बघणं. ह्या नादात वाट बघायची मला सवय, पण ती गोडीची असते. ही तशी नव्हती. दुपारी पोस्टात शांतता असली की मी डोळे मिटायची आणि तो उजेड आत शिरताना मला दिसायचा. दाराच्या फटीतून, कडेकडेनं, एकेका वळशाखाली सरकत. कळप धुक्यात उभा आणि उजेड त्यांच्याकडं चालत येतोय. आबा डाव्या हाताला काळीला धरून त्याच्याकडं बघतायत. इथं नेहमी कुणीतरी रजिस्टरची पावती मागायचं आणि मी जागी व्हायची.

माय आधी कधी पोस्टात आली नव्हती. आता ती रोज यायला लागली. निराधारांची पगार घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत उभी राहायची, नंबर आला की खिडकीतून विचारायची, "आलं का?" घरी विचारायची तिला भीती वाटत होती. मी म्हणायची, "माय, रांगेत कशाला उभी राहतेस?" तर म्हणायची, "समदे उभे राहतात की." आणि नाही म्हटलं की गुमान निघून जायची. माझा राग कधीच विरघळला होता, पण तिला ते सांगायचं कसं ते सुचत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर लॅबवाल्याचा निरोप आला, फोनवर. ताई, रोलला उजेड लागलाय, बहुतेक फ्रेम गेल्या, एक-दोन बघा काही कामाच्या वाटल्या तर. त्यानं फोनवर पाठवलेले फोटो मी एकेक उघडत गेले. अर्धा रोल, पेरणीचा आणि पुराचा, धड आला होता. त्यापुढं नारिंगी. आबांचा जवळून काढलेला फोटो, नुसता नारिंगी. आबा आणि काळी, पांढरं. पुढचे सगळे पांढरे. मेंढरांचा फक्त एक उरला होता, सगळ्यात पहिला, लांबून काढलेला. तो मी बराच वेळ बघितला आणि वसमतला जाऊन मोठा छापून आणला.

तो पाडव्याचा दिवस होता. ह्या वर्षी मायनं भंडारा आणलाच नव्हता. आबा सकाळी अंघोळ करून दगडावर गेले ते गेलेच. मी परत आले तेव्हा दिवस कलला होता, मेंढरं घरी यायची वेळ. आबा ओसरीत येऊन टेकले होते, माय चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी फोटो कागदातून काढून आबांच्या मांडीवर ठेवला आणि आधीच बोलून टाकलं, "आबा, खराब झालाय. एवढा एकच राहिला."

फोटोच्या वरच्या बाजूनं पिवळा उजेड खाली उतरलेला. कडेला नारिंगी, मध्ये हळदीसारखा पिवळा, खाली खाली विरळ होत गेलेला. आबा उभे होते तिथं धोतर दिसत होतं, काठीचं टोक दिसत होतं, छातीपासून वर काही नाही, आणि डाव्या हाताशी उजेड पार खालपर्यंत आलेला. खाली मात्र मेंढरं होती, धुक्यात उभी, आणि पाठीवर निळीचे पट्टे.

आबांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. मग ते म्हणाले, "भंडारा कुणी उधळला गं?"

माय चुलीपाशी थांबली.

"लई उधळलाय," आबा म्हणाले. मग त्यांनी बोट टेकवलं. "ही बांडी. ही तिची लेक. ही कानतुटी, हिला कुत्र्यानं धरली व्हती बघ. ही लंगडती ती. हा भुऱ्या." बोट एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर चाललं होतं, कुठंही न अडता. मला सगळ्या पाठी सारख्याच दिसत होत्या. कितीतरी दिवसांत ते एवढं बोलले नव्हते.

माय हात तसेच पिठाचे ठेवून मागं येऊन उभी राहिली. तिनं वाकून बघितलं. "तुमी कुटं हाव यात?"

"मला काय करायचं हाय बघून? मी तर रोज दिसतो की तुला."

माय खाली बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अन् काळी न्हाई ना आली?"

आबांनी फोटो तिच्याकडं केला. धोतराच्या डाव्या बाजूला, जिथं नुसता पिवळा उजेड होता, तिथं त्यांनी बोट ठेवलं. "हाय की. हितं हाय. भंडारा खाली बसला की दिसंल."

मायनं पदर तोंडाला लावला. मी दुसरीकडं बघितलं. आबा फोटोकडं बघत राहिले, आणि बघता बघता, त्यांना कळायच्या आत, त्यांची जीभ टाळूला लागली आणि तो आवाज निघाला, चुचकारल्यासारखा, लांब.

माय वळली, पिठाच्या हातांनीच अंगणात गेली आणि तिनं फाटक उघडलं.